पाळकाला गप्प बसवून म्हटलेलं गीत

महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा उघडतात, आणि साधारण त्याच दिवसांत स्वीडनमधल्या शाळा उन्हाळ्यासाठी बंद होतात. मुलं पांढरे किंवा फुलाफुलांचे कपडे घालून येतात, वर्गशिक्षिकेसाठी फुलं आणतात, बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांनी जागा सजलेली असते आणि सगळी शाळा मिळून एक गीत म्हणते: 'देन ब्लोमस्तर्तीद नू कोम्मर', म्हणजे फुलांचा काळ आता येतो आहे. पुष्कळ ठिकाणी ही सजलेली जागा म्हणजे गावचं लुथरन, म्हणजे मार्टिन ल्युथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं, चर्च असतं. म्हणूनच दर वर्षी मे महिना लागला की वर्तमानपत्रांत, पालकसभांत, शेजाऱ्यांच्या कॉफीच्या टेबलावर तोच प्रश्न पुन्हा येतो. शाळेने वर्षाचा समारोप चर्चमध्ये करावा की करू नये?

स्वीडनमधल्या उप्सालात राहायला आल्यापासून मी हा वाद ऐकते आहे आणि दर वर्षी तो वाईट रीतीनेच लढवला जातो असं मला वाटतं. एक बाजू म्हणते, ही आमची परंपरा आहे, यात धर्म कुठे आला? दुसरी म्हणते, हा धर्मच आहे, तेव्हा चर्चही नको आणि गीतही नको. पहिली बाजू डोळ्यांसमोरची वेदी नाकारते. दुसरी बाजू सव्वातीनशे वर्षं लोकांच्या ओठांवर असलेलं गाणं एका फटक्यात संशयित ठरवते. माझं मत आधीच सांगते. गीत राहावं, चर्चही राहावं, पण दोन्ही एका सक्तीच्या तासात कोंबू नयेत. शाळेने आपला समारोप आपल्या अंगणात करावा आणि तिथे हे गीत मोकळ्या गळ्याने म्हणावं. मंडळीने, म्हणजे चर्चच्या भाविक समुदायाने, त्याच संध्याकाळी आपल्या चर्चमध्ये उपासना ठेवावी. ती प्रार्थनेसह आणि आशीर्वचनासह असावी, आणि ज्याला यावंसं वाटेल त्याच्यासाठी दार उघडं असावं. आज चालतो तो मधला मार्ग, चर्च हवं पण प्रार्थना नको, पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, हवा पण त्याने आशीर्वाद द्यायचा नाही, हा मला सगळ्यांत वाईट वाटतो. तो मुलांवर अन्याय करतो आणि मंडळीवरही.

नियम काय आहे ते नीट पाहायला हवं, कारण गुंता तिथेच आहे. स्वीडनच्या २०१० च्या शिक्षण कायद्यानुसार सरकारी शाळेतलं शिक्षण कुठल्याही पंथाशी बांधलेलं असू शकत नाही. त्याचा अर्थ लावताना शालेय शिक्षणाचं राष्ट्रीय खातं, स्कूलवेर्केत, असं सांगतं: समारोप चर्चमध्ये घ्यायला हरकत नाही, मात्र भर परंपरेवर, सणाच्या वातावरणावर आणि एकत्र येण्यावर असावा. प्रार्थना, आशीर्वचन, मतांगीकार (आपल्या श्रद्धेचा जाहीर उच्चार) नसावेत. पाळकाने हजर राहावं, बोलावंही, पण उपदेश करू नये. आणि हे गीत चालतं, कारण ते शाळा संपण्याच्या प्रथेचाच भाग मानलं जातं. वाचताना हे समंजस वाटतं. पण यातून निघणारी पुढची पायरी फार थोडे लोक बोलून दाखवतात. कार्यक्रम धार्मिक नाही असं एकदा ठरलं की तो शाळेचा साधा कार्यक्रम झाला, आणि शाळेच्या कार्यक्रमाला हजेरी लागते. त्याला धर्म म्हटलं असतं, तर 'मी येणार नाही' म्हणायचा मुलाला हक्क राहिला असता. परंपरा म्हटल्याबरोबर तो हक्क गेला. उरली ती रजेची विनंती, आणि ती मान्य करायची की नाही हे शाळा ठरवणार. मुलासमोरची वेदी मात्र तीच आहे, क्रूस तोच आहे, ऑर्गन तोच आहे. कागदावर नाव बदललं म्हणून त्या दगडी इमारतीचं काय बदललं?

माझी मुलगी तिसरीत होती त्या वर्षी मी मागच्या बाकावर बसले होते. वर्गातली दोन मुलं आदल्या दिवशी खेळत होती आणि त्या सकाळी आजारी होती. अशी आजारपणं इथल्या शिक्षकांना पाठ आहेत. पाळकबाई प्रेमळ होत्या. उन्हाळ्याविषयी, मैत्रीविषयी, एकट्या पडलेल्या मुलाला खेळायला बोलवावं याविषयी बोलल्या आणि थांबल्या. परत येताना मुलीच्या शेजारी चालणारी तिची मैत्रीण, पेंटेकोस्टल या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या घरातली, रोज जेवणाआधी प्रार्थना करणारी पोर, तिने विचारलं: त्यांनी प्रार्थना का नाही केली? त्या विसरल्या का? नियमाने ज्या मुलांना सांभाळायचं ठरवलं होतं त्यांतली दोन घरी होती आणि जी आली होती तिला वाटलं, पाळक प्रार्थना विसरला. मग हा मधला मार्ग नेमका कोणासाठी आहे?

शेजारच्या देशांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. हेच गीत फिनलंडमध्ये 'सुविविर्सी', उन्हाळ्याचं गीत, या नावाने शाळेच्या वसंतोत्सवात म्हणतात. ते फिनिश गीतपुस्तकात १७०१ सालापासून आहे. २०१४ मध्ये तिथल्या संसदेच्या घटनाविषयक समितीने स्पष्ट केलं की उत्सवात एखादं असं गीत म्हटल्याने उत्सव उपासना होत नाही. मला हे पटतं, कारण तिथे प्रश्न गीताचा आहे, वेदीचा नाही. नॉर्वेने नाताळाआधीच्या शालेय उपासनेला उपासनाच म्हटलं आणि जी मुलं जाणार नाहीत त्यांच्यासाठी शाळेने तितकाच चांगला दुसरा कार्यक्रम ठेवावा असं ठरवलं. यात प्रामाणिकपणा आहे. पण त्या वाटेवरही काटा आहे, आणि तो स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये दाखवून दिला. नॉर्वेने १९९७ मध्ये आणलेल्या धर्मशिक्षणाच्या विषयातून फक्त काही भागांपुरती सूट मिळत होती. मानवतावादी, म्हणजे धर्म न मानणाऱ्या, पालकांनी दाद मागितली आणि न्यायालयाने ९ विरुद्ध ८ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशी सूट मिळवण्यासाठी आपल्या अंतरीच्या श्रद्धा शाळेसमोर उघड्या कराव्या लागण्याचा धोका असतो, हा त्या निकालातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. सूट मागणं म्हणजे रांगेतून एक पाऊल बाहेर येणं. नऊ वर्षांच्या मुलाला ते पाऊल किती लांब वाटतं हे मोठी माणसं विसरतात.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यांत सबळ म्हणणं मांडते, कारण ते मला रोज भेटणाऱ्या भल्या माणसांचं म्हणणं आहे. इथल्या खेड्यातलं चर्च ही निव्वळ पाळकाची इमारत नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाच्या पैशांतून ते उभं राहिलं, आवारात सगळ्यांचे पूर्वज पुरलेले आहेत, आणि कित्येक ठिकाणी सगळी शाळा मावेल अशी तेवढी एकच जागा असते. दुसरं म्हणणं असं की बाहेरून आलेल्या मुलांना या देशाचं काहीतरी सगळ्यांसोबत करायला मिळतं ते याच दिवशी. तेही काढलं तर एकत्र करण्यासारखं उरेल काय? तिसरं म्हणणं मला सर्वांत जास्त अडवतं. माझ्या ओळखीतल्या मुस्लिम पालकांपैकी बहुतेकांची चर्चला हरकत नाही. देवाचं नाव निघणाऱ्या जागेचा त्यांना आदरच वाटतो. हरकत घेतात ते बहुधा इथलेच, धर्म सोडलेले लोक. मग आम्ही परके म्हणून आमच्या नावाने ही परंपरा का मोडता, असं एका अफगाण आईने मला विचारलं होतं. तिचा राग खरा होता.

या तिन्हींत तथ्य आहे आणि तरीही माझं मत बदलत नाही. इमारत सगळ्या गावाची आहे हे म्हणणं ऐकायला गोड आहे, पण तिला सगळ्यांची कशाने केलं होतं? सक्तीने. १६८६ च्या चर्च कायद्यापासून स्वीडनमधला पाळक घरोघरी वाचनाची आणि धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरावलीची परीक्षा घेत असे आणि कोणाला किती येतं ते वहीत नोंदवत असे. त्यातून सामान्य शेतकऱ्यालाही वाचता येऊ लागलं, हे या मंडळीचं फार मोठं देणं आहे आणि मी ते कमी लेखत नाही. १८४२ मध्ये प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाने, शाळा चालवावी असा कायदा झाला तेव्हा शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष पाळकच होता. पण याच व्यवस्थेने १७२६ ते १८५८ पर्यंत लोकांना आपापल्या घरी जमून प्रार्थना करायलाही बंदी घातली होती. ती मोडली म्हणून दंड आणि तुरुंग कोणाला झाले? नास्तिकांना नव्हे. झाले ते बायबल उराशी धरून बसणाऱ्या भाविक लुथरन माणसांना. त्या छळातून निघून १८४६ मध्ये एक मोठा जथा अमेरिकेतल्या इलिनॉयला गेला आणि त्याने बिशप हिल नावाचं गाव वसवलं. सरकारने 'सगळ्यांची' केलेली भक्ती सगळ्यांत आधी खऱ्या भक्तालाच जड जाते, हे या देशाच्या इतिहासाने एकदा दाखवलं आहे. पुढची पावलं हळू पडली. १९१९ मध्ये ल्युथरची प्रश्नोत्तरावली शाळेच्या अभ्यासक्रमातून गेली, १९५१ मध्ये कुठल्याच पंथात न जाता चर्च सोडण्याचं स्वातंत्र्य मिळालं, २००० मध्ये चर्च आणि सरकार वेगळे झाले. शाळासमाप्तीचा सोहळा हा त्या जुन्या एकत्र कुटुंबातला वाटणी न झालेला शेवटचा दागिना आहे. दोन्ही भाऊ वेगळे राहू लागले तरी तो वर्षातून एक दिवस दोघांना हवा असतो.

त्यातही ज्याच्या नावाने ही मंडळी ओळखली जाते त्याचं म्हणणं काय होतं? १५२४ मध्ये जर्मन शहरांच्या नगरपरिषदांना लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्युथरने शाळा काढा म्हणून कळकळीने विनवलं. त्यात धर्माची कारणं आहेतच. पण तो असंही म्हणतो की आत्मा, स्वर्ग, नरक यांचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी नुसत्या ऐहिक कारभारासाठी, घर आणि गाव नीट चालावं म्हणून, मुलांना आणि मुलींना शाळा हवीच. देव जगावर दोन हातांनी राज्य करतो, एक सुवार्तेचा आणि एक कायद्याचा, आणि दोहोंची गल्लत करू नये, ही त्याच्या विचारातली मुख्य शिकवण. शाळेच्या पायावर शाळा उभी राहू शकते, हे खुद्द ल्युथरने मान्य केलं होतं. मग शाळेला वर्षाचा शेवट शाळेतच करायला सांगणारा माणूस लुथरन परंपरेचा शत्रू कसा ठरतो?

मराठी वाचकाच्या मनात इथे एक नाव येईल, आणि ते यावंच. तंजावरचे सरफोजी राजे. तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी आपल्या दत्तक मुलाला ज्याच्या हवाली केलं तो ख्रिश्चन फ्रेडरिख श्वार्ट्झ लुथरन पाळक होता. तरंगमबाडीला १७०६ मध्ये सुरू झालेल्या डॅनिश-हाले मिशनमधून तो पुढे आला होता. मुलाचं रक्षण, त्याचं शिक्षण, गादीवरचा त्याचा हक्क या सगळ्यासाठी त्याने जिवाचं रान केलं. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर बसले ते मात्र शिवभक्त भोसले म्हणूनच. बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या कुळाचा मराठी इतिहास कोरवून घेणारे आणि सरस्वती महालाची ग्रंथसंपदा वाढवणारे राजे ते हेच. श्रद्धेने भरलेल्या शिक्षकाच्या हाताखाली वाढून मुलाचं काय बिघडलं, असा प्रश्न कोणी या उदाहरणावरून विचारेल. त्याला उत्तर आहे. सरफोजी राजपुत्र होते, त्यांच्या मागे घराणं होतं, राज्याचा दावा होता, उद्याची सत्ता होती. सगळ्या मुलांच्या पाठीशी इतकं बळ नसतं. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांच्या घरी राहिला, तेव्हा कोर्टाने त्याला बापाकडे परत दिलं. पण त्याला जातीत परत घ्यायला बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांशी झगडावं लागलं. शाळा आणि उपासना यांची सरमिसळ झाली की मोठ्यांचं भांडण अंगावर घेतं ते मूल.

पण सरफोजींच्या गोष्टीतला मला सर्वांत प्रिय भाग वेगळाच आहे. गुरू गेल्यावर त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात हाती घेतलेले राजे असं ते शिल्प आहे, आणि ते तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. राजांनी आपल्या गुरूला पाळक म्हणूनच राहू दिलं. त्याचा सन्मान करता यावा म्हणून त्याचा धर्म आधी धुऊन काढायची गरज त्यांना वाटली नाही. तो त्याच्या वेदीपाशी आहे, मी माझ्या बृहदीश्वरापाशी, आणि तरी मी त्याचा हात धरतो. स्वीडनचा आजचा नियम याच्या नेमका उलट चालतो. पाळकाला बोलावतो आणि ज्यासाठी तो पाळक आहे तेवढंच करू नको म्हणतो. याला आदर म्हणायचं?

आता दुसऱ्या टोकाकडे वळते. गीतही नको म्हणणाऱ्यांशी माझं भांडण तितकंच आहे. हे गीत १६९५ च्या स्वीडिश गीतपुस्तकात आलं, गॉटलंड बेटावरच्या इस्राएल कोल्मोदिन या पाळकाच्या नावावर ते सांगतात. पुढच्या कडव्यांत येशूला आळवणी आहे, हे खरं. पण शाळेत म्हणतात ती पहिली कडवी कोवळ्या उन्हाची, पिकांची, पाखरांची आहेत. काळोख्या हिवाळ्यातून बाहेर आलेल्या माणसांचा तो हर्ष आहे. इथे एक हिवाळा काढल्यावर मला त्या ओळी कळल्या, त्याआधी नाही. भक्तीतून जन्मलेली रचना काळाच्या ओघात भाषेची होते. आपण शाळेत पसायदान म्हणतो. त्याची सुरुवातच विश्वात्मक देवाने होते, पण ते म्हणणारी सगळी मुलं वारकरी नसतात आणि त्यांना कोणी वारकरी करायलाही निघालेलं नसतं. ज्ञानेश्वर-तुकारामांना वजा करून मराठी शिकवता येणार नाही, तसंच गीतपुस्तक वजा करून स्वीडिशही शिकवता येणार नाही. ज्याला म्हणवत नाही त्याने गप्प उभं राहावं. केरळमधल्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहत होती, फक्त गात नव्हती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. शाळेच्या अंगणात गप्प उभं राहता येतं, कारण अंगण त्या मुलाचंही असतं. वेदीसमोरच्या बाकावर गप्प बसलेलं मूल मात्र पाहुणा असतं, आणि पाहुण्याच्या गप्प बसण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गीत आणि जागा यांतला हा फरक दोन्ही बाजू विसरतात.

एक भीती मंडळीतली माणसं मला खाजगीत सांगतात: वर्षातून हा एकच दिवस आमचं चर्च मुलांनी भरतं, तोही गेला तर? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २००० साली या देशातली शंभरातली ८० हून अधिक माणसं चर्चची सभासद होती, आज ती निम्म्याच्या जरा वर आहेत. समारोपाच्या या तडजोडीमुळे ती गेली असं मी म्हणत नाही. पण तडजोडीने ती थांबलीही नाहीत. बाक भरले म्हणजे मंडळी भरली असं नाही, हे तीनशे वर्षं हजेरी मोजलेल्या चर्चला तरी कळायला हवं. आईवडिलांचा हात धरून संध्याकाळी स्वतःच्या पायांनी आलेली चाळीस मुलं, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला खराखुरा आशीर्वाद, हे सकाळच्या चारशे मुलांपेक्षा कमी आहे का? त्या पेंटेकोस्टल पोरीला तेच हवं होतं. अफगाण आईलाही, मला वाटतं, तेच चाललं असतं. ती देवाला मानणारी बाई आहे, तिला बोलावणं आवडलं असतं.

या वसंतात मी दोन पत्रं लिहिली. एक शाळेला: समारोप अंगणात घ्या, पाऊस आला तर व्यायामशाळा आहे, बर्चच्या डहाळ्या आम्ही पालक आणू, गीताची साथ करायला चौथीतल्या मुलाचे वडील अकॉर्डियन घेऊन येतो म्हणाले आहेत. दुसरं पाळकबाईंना: त्याच दिवशी संध्याकाळी सहाला उपासना ठेवाल का, आणि या वेळी प्रार्थना कराल का? शाळेने लिहिलं की विषय पुढच्या पालकसभेत घेऊ. पाळकबाईंचा फोन त्याच रात्री आला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, सहाऐवजी साडेपाच ठेवू, लहान मुलं लवकर झोपतात.